खानदेशातील वाघ आणि बंदुकीची गोळी

तापीच्या उत्तर तीरावर, गोमाई नदीच्या काठी शहादे हे गाव वसलेले आहे. गावाच्या दक्षिणेस तापीचे काळेभोर, सुपीक खोरे, तर उत्तरेस सातपुड्याच्या रांगा एकीमागून एक चढत थेट तोरणमाळाच्या पठारापर्यंत गेलेल्या. या भूभागात आज ऊस, कापूस, केळी यांचे मळे दृष्टीस पडतात, आणि त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वी याच मातीवर वाघाचे राज्य होते ही गोष्ट नव्या पिढीस सहसा खरी वाटत नाही. परंतु ती अक्षरशः खरी आहे. आणि ते राज्य कसे मोडले याचा इतिहास पाहू लागले म्हणजे त्यात फौजा व फर्माने यांच्या जोडीला एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूचा, म्हणजे शिसाच्या गोळीचा, इतिहासही गुंतलेला आढळतो.

खानदेश पूर्वीपासून रान नव्हते. मोगल अमदानीत तो भरभराटीचा सुभा म्हणून प्रसिद्ध होता. पेशवाईच्या अखेरीस मात्र त्याच्यावर संकटांची परंपरा कोसळली. इ. स. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला. पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. आणि त्यानंतर पेंढारी, अरब शिबंदी व डोंगरातील टोळ्या यांच्या धुमाकुळात उरलीसुरली गावेही ओस पडली. शहाद्याच्या उत्तरेस असलेले सुलतानपूर हे एके काळचे परगण्याचे मोठे ठाणे. त्याचे भग्नावशेष त्या काळाची साक्ष देतात. माणूस हटला की रान पुढे सरकते, आणि रानाबरोबर श्वापदही. १८१८ साली इंग्रजांचा अंमल बसून कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यास आला, तेव्हा पूर्वीची शेते बाभळी-बोरींच्या जाळ्यांनी व्यापलेली होती. १८२२ साली मे, जून व जुलै या तीन महिन्यांत खानदेशात हिंस्र जनावरांनी ५०० माणसे आणि २०,००० गुरे मारली, अशी नोंद जिल्ह्याच्या गॅझेटिअरात आहे. संध्याकाळनंतर एका गावाहून दुसऱ्या गावास जाणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. सबब, वाघाची शिकार हा त्या वेळी केवळ साहेबांचा शौक नसून वसाहतीचा प्रश्न होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर १८२५ साली जेम्स औट्रम हा बावीस वर्षांचा अधिकारी खानदेशात आला. डोंगरातील भिल्लांना शस्त्राने दडपण्याऐवजी त्यांचीच पलटण उभारावी, असे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचे धोरण होते. त्याप्रमाणे औट्रमने अवघ्या नऊ भिल्लांनिशी आरंभ करून खानदेश भिल्ल कोअर उभारली. तिचे ठाणे धरणगाव येथे होते. भिल्लांचा विश्वास त्याने मिळविला तो मुख्यतः शिकारीच्या द्वारे. त्यांच्याबरोबर तो पायी रानात शिरे, त्यांच्याबरोबर उन्हात बसे, आणि वाघ समोर आला असता पाठ फिरवीत नसे. १८२५ पासून १८३४ पर्यंतच्या काळात त्याने व त्याच्या सोबत्यांनी मिळून २३५ वाघ मारले, व त्यांपैकी १९१ वाघांच्या वेळी तो स्वतः हजर होता, असा हिशेब त्याच्या चरित्रात दिलेला आहे. एके प्रसंगी वाघ दडलेल्या जागेवर नेम धरता येईना, म्हणून चार भिल्लांनी आपले कमरबंद एकत्र बांधून त्याला झाडाच्या फांदीवरून खाली लोंबकळत धरले आणि त्या स्थितीत त्याने वाघ टिपला, अशीही हकीकत चरित्रकार सांगतो. औट्रमच्या धाडसाचे गोडवे पुष्कळांनी गाइले. तथापि ते कमरबंद ज्यांनी धरून ठेवले त्यांच्या हातांचाही त्या गोळीत तितकाच वाटा होता.

त्या काळच्या बंदुकीचे स्वरूप डोळ्यांसमोर आणल्याखेरीज या धाडसाची किंमत कळणार नाही. देशी शिकाऱ्यापाशी तोड्याची बंदूक असे. जळत्या सुताच्या तोड्याने कानातील दारू पेटवायची. तोडा विझला, अथवा त्याचा वास वाऱ्याबरोबर गेला की शिकार फसली. गोऱ्या अंमलदारांपाशी गारेची बंदूक असे. टोपीची बंदूक त्या सुमारास नुकतीच प्रचारात येऊ लागली होती. आघाताने पेट घेणाऱ्या दारूचा शोध अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने लावून त्याचे पेटंट १८०७ साली घेतले होते. या सर्व बंदुका तोंडातून भरावयाच्या. आधी दारू मोजून ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठोकीत तळाशी न्यावयाची, मग कानावर दारू किंवा टोपी चढवावयाची. सरावलेल्या हातालाही यास अर्धा मिनिट लागे, आणि जखमी वाघ पन्नास वारांचे अंतर चार सेकंदांच्या आत तोडतो. अर्थात शिकाऱ्यापाशी वस्तुतः एकच गोळी असे. दुनळी असली तर दोन.

गोळीचे माप त्या काळी मोठ्या सुटसुटीत रीतीने सांगत. एक पौंड शिसाच्या जितक्या सारख्या गोळ्या होतील तितक्या नंबरची बंदूक. बारा गोळ्या झाल्या तर बारा नंबर, चौदा झाल्या तर चौदा नंबर. पौंडाचे ग्रेन ७,०००. तेव्हा चौदा नंबरची गोळी ५०० ग्रेनांची झाली. नंबर जितका लहान तितकी गोळी मोठी, हे यावरून उघड आहे. गोल गोळीचा व्यास दुप्पट केला तर तिचे वजन आठपट होते. म्हणून नळी थोडी रुंद केली तरी गोळीच्या मारात फार मोठा फरक पडे, आणि शिकाऱ्याच्या खांद्यालाही तो कळे.

आता प्रश्न असा की, वाघासाठी कोणती गोळी घ्यावी व ती कोठे मारावी? हा प्रश्न वरवर पाहता हौशी माणसाच्या दिवाणखान्यातील वादाचा वाटेल. परंतु सातपुड्यात त्याचे उत्तर चुकले तर त्याचा दंड शिकारी क्वचितच भरी. शिकारी मचाणावर किंवा हत्तीवर बसलेला असे. खाली काठ्या व ढोल घेऊन रान झोडीत येणारे हाकारे बहुधा भिल्ल व पावरे असत. त्यांच्या हाती फार तर कामठी आणि तीर. पोटात अथवा पायावर गोळी लागलेला वाघ मरत नाही. तो जाळीत शिरतो, आणि पहिला जो माणूस त्या जाळीजवळ जाईल त्याच्यावर झेप घालतो. तो तेव्हा सापडला नाही तर पुढे लंगडा होऊन हरणामागे धावण्यास असमर्थ ठरतो आणि गुराख्यांच्या वाटेवर बसू लागतो. नरभक्षक वाघांपैकी पुष्कळांच्या अंगावर जुन्या गोळीच्या जखमा सापडतात, ही गोष्ट पुढे कुमाऊँत जिम कॉर्बेट याने स्वानुभवाने नमूद करून ठेवली आहे. एतावता, एका माणसाच्या हलक्या हाताने सुटलेल्या गोळीचे कर्ज दुसराच कोणी वर्षानुवर्षे फेडीत असे.

नेम चुकण्याची कारणे समजून घेण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. गोळी सरळ जाते असा सामान्य समज आहे, पण तो खरा नाही. नळीतून सुटल्याच्या क्षणापासून ती हातातून सुटलेल्या दगडाप्रमाणेच खाली पडू लागते. पृथ्वीच्या आकर्षणाने कोणतीही वस्तू पहिल्या सेकंदात सोळा फूट पडते, आणि हे पडणे काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जुन्या बंदुकीच्या गोल गोळीस शंभर वार जाण्यास सुमारे पाव सेकंद लागे. पावाचा वर्ग एक सोळांश. सोळा फुटांचा सोळावा हिस्सा म्हणजे एक फूट. म्हणजे शंभर वारांवर गोळी नळीच्या रोखापासून बारा इंच खाली गेलेली असे. अर्वाचीन रायफलीची गोळी तेच अंतर एक अष्टमांश सेकंदात कापते. तिचे पडणे फक्त तीन इंच. वेळ निम्मा झाला की पडणे चौथाईवर येते, हे सूत्र ज्याने मनात ठसविले त्याला शिकारी बंदुकीच्या पुढील शंभर वर्षांच्या प्रगतीचे मर्म कळले असे म्हणावयास हरकत नाही.

गोळीच्या गतीचे शास्त्र प्रथम पक्क्या पायावर उभे केले ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. लोंबत्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडून, तो किती झोका खातो यावरून तिचा वेग काढण्याची युक्ती त्याने १७४२ साली प्रसिद्ध केली. नळीत पेचदार खाचा असल्या तर गोळी आपल्याभोवती फिरत जाते व म्हणून वाकडी जात नाही, हेही त्याने विशद केले. हाच रॉबिन्स पुढे कंपनीच्या तटबंदीच्या कामावर हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रास किनाऱ्यावरील सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

पेचदार खाचांच्या नळीस रायफल म्हणतात. परंतु रायफल आली म्हणून शिकाऱ्याची अडचण एकाएकी संपली नाही. सैन्यातील रायफली दूरच्या माऱ्यासाठी बनविलेल्या. इंग्रजी फौजेच्या ब्रन्स्विक रायफलीत अडीच फुटांत एक पूर्ण वळसा होता. इतक्या आवळ पेचात दारू वाढविली की गोळी खाचांचा पेच न घेता त्यांवरून घसरत निघे. म्हणून दारू कमी घालावी लागे, आणि दारू कमी म्हणजे वेग कमी, वेग कमी म्हणजे पडणे अधिक. मैदानावर अंतर मोजून ठेवलेले असते, तेथे हे चालते. रानात वाघ किती वारांवर आहे हे कोण सांगणार?

याचे उत्तर शोधणारा पुरुष सातपुड्याच्याच पलीकडच्या अंगास, निमाड जिल्ह्यात, बंदोबस्त अधिकारी होता. कॅप्टन जेम्स फोर्साइथ हे त्याचे नाव. टोपीच्या बंदुकीचा जनक फोर्साइथ तो निराळा. या कॅप्टनने शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर १८६० नंतरच्या दशकात एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, रानातील बहुतेक बार शंभर-दीडशे वारांच्या आतलेच असतात. तेव्हा हजार वारांवर मारणारी रायफल शिकाऱ्यास निरुपयोगी होय. त्याला हवी ती अशी की, जवळच्या टप्प्यात गोळी जवळजवळ सरळ जावी, म्हणजे अंतराच्या अंदाजात वीस-तीस वारांची चूक झाली तरी चालेल. यासाठी त्याने मोठी गोल गोळी, भरपूर दारू आणि अतिशय सैल पेच सुचविला; आठ-नऊ फुटांत एक वळसा. म्हणजे सव्वादोन फुटी नळीत गोळी फक्त पाव फेरा घेई. परंतु तेवढा तिला सरळ ठेवण्यास पुरेसा होता. या लेखकाचा मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ मुलखावरील प्रसिद्ध ग्रंथ १८७१ साली बाहेर पडला, आणि त्याच वर्षी तो वारला.

बंदूक उत्तम असली तरी ती धरणारा हात तयार हवा. सातपुड्याच्या खोऱ्यांत दोन फसगती नित्याच्या. एक, नाल्याच्या पलीकडच्या काठावरील जनावर आहे त्यापेक्षा जवळ भासते. कारण मधली खोलगट जमीन डोळ्यास दिसत नाही, आणि जिचा माग डोळा घेत नाही ते अंतर मनही मोजीत नाही. दुसरी, तीव्र उतारावरून खाली किंवा चढावर वर मारताना गोळी अपेक्षेपेक्षा उंच लागते. कारण आकर्षणाचा परिणाम तिरप्या अंतराच्या मानाने होत नसून आडव्या अंतराच्या मानाने होतो. म्हणून मुरब्बी शिकारी अशा वेळी किंचित खाली नेम धरी. शक्य तेथे झाडाच्या बुंध्याचा किंवा खडकाचा टेका घ्यावा, पण नळी थेट दगडावर न ठेवता मध्ये हात किंवा पागोटे ठेवावे. नाही तर बार होताना नळी उसळते. श्वास अर्धवट सोडून रोखावा, आणि चाप झटक्याने न ओढता मुठीने लिंबू पिळावे तसा हळूहळू दाबावा. डोक्यावर मारण्याचा मोह टाळावा. वाघाचे कपाळ उतरते आणि मेंदू लहान असतो. खांद्याच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात हृदय व फुप्फुसे असतात; तेथील गोळी चार बोटे इकडेतिकडे झाली तरी प्राणघातक ठरते. आणि जनावर समोर तोंड करून चालून येत असेल किंवा झाडीतून अर्धेच दिसत असेल, तर बार न टाकणे हाही नेमबाजीचाच एक भाग समजला जाई.

गोळीच्या घडणीविषयीही असाच दीर्घ वाद झाला. सिंध प्रांतात औट्रमचा सहकारी असलेला जनरल जॉन जेकब याने स्फोटक गोळी तयार केली. ती आत शिरून फुटे. तशा गोळ्या लढाईत वापरू नयेत असा ठराव १८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपीय राष्ट्रांनी केला. त्यानंतर एक्स्प्रेस रायफलींचा जमाना आला. आगगाडीच्या नावावरून लंडनच्या पर्डी या कारखानदाराने हे नाव १८५६ च्या सुमारास रूढ केले. हलकी, टोकास पोकळ गोळी व पुष्कळ दारू ही तिची युक्ती. हरणावर ती उत्तम चाले. परंतु वाघाच्या खांद्याच्या हाडावर ती बाहेरच चूर होई, जखम मोठी दिसे आणि वाघ निघून जाई. सर सॅम्युअल बेकर या अनुभवी शिकाऱ्याने म्हणूनच पोकळ गोळीचा निषेध केला. त्याच्या मते वाघास शुद्ध, मऊ शिसाची भरीव व जड गोळी हवी. ती अळंब्यासारखी पसरून पलीकडच्या कातडीपाशी थांबावी, म्हणजे तिची सर्व शक्ती जनावराच्या अंगात खर्च होते. गवा, हत्ती यांसारख्या जाड कातडीच्या जनावरांस मात्र शिसात कथील मिसळून कठीण केलेली गोळी योग्य. कारण तेथे पसरण्यापेक्षा शिरणे महत्त्वाचे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात काळी दारू मागे पडून कॉर्डाइट ही निर्धूम दारू आली. धुराचा पडदा नाहीसा झाला. पहिल्या बारानंतर वाघ कोठे गेला हे शिकाऱ्यास दिसू लागले. वेग दीडपट झाला, पण त्या वेगात नुसते शिसे टिकेना; म्हणून त्यावर कठीण धातूचे वेष्टन चढवावे लागले. पूर्ण वेष्टित गोळी मऊ जनावरातून सुईसारखी आरपार जाई. तेव्हा टोक उघडे ठेवलेली गोळी कलकत्त्याजवळच्या डमडम येथील सरकारी कारखान्यात १८९६-९७ च्या सुमारास निघाली. १८९९ च्या हेग येथील परिषदेने ती युद्धात निषिद्ध ठरविली. शिकारीत मात्र तीच पद्धत रूढ झाली, आणि ते योग्यच होते. जनावर तत्काळ मरावे हाच तेथे दयाधर्म. जॉन रिग्बी याने १८९८ साली काढलेली ०.४५० इंची दुनळी ४८० ग्रेनांची गोळी सेकंदास सुमारे २,१५० फूट वेगाने फेकी. एक नवी अडचणही आली. खानदेशच्या वैशाखात कॉर्डाइट तापले की नळीतील दाब वाढे. म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची काडतुसे निराळी बनवीत, आणि जाणते लोक काडतुसे उन्हात ठेवीत नसत. टोपीतील रसायनाचे क्षार नळीत राहून गंज चढे, सबब बार झाल्यावर नळी उकळत्या पाण्याने धुण्याचा परिपाठ होता.

या साऱ्या सुधारणा कोणाच्या वाट्यास आल्या हेही पाहिले पाहिजे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे हिंदी माणसास गुन्हा ठरले. युरोपियनांस मात्र सूट होती. सरकारची भीती इतकी की, सैन्याच्या मार्टिनी-हेन्री बंदुकीशी माप जुळते म्हणून १९०७ साली ०.४५० इंची शिकारी काडतुसांवरही हिंदुस्थानात बंदी आली, आणि विलायतेतील कारखानदारांना ०.४६५, ०.४७० अशी नवी मापे काढावी लागली. ज्या भिल्लाने माग काढावा, पाऊल किती तासांपूर्वीचे हे दवावरून सांगावे, माकडांच्या व मोरांच्या ओरडण्यावरून वाघाची दिशा ओळखावी, त्याच्या हाती मात्र बांबूची कामठीच राहिली. शिकारीच्या इंग्रजी ग्रंथांत रायफलीचा नंबर, दारूचे वजन, वाघाची लांबी इंचापर्यंत दिलेली आढळते; हाकाऱ्याचे नाव क्वचितच.

परिणाम व्हावयाचा तो झाला. बंदूक सुधारत गेली, कापसाच्या भावाबरोबर रान तुटत गेले, आणि ज्या मुलखात माणसाने वाघास भ्यावे तेथे वाघानेच माणसास भ्यावे अशी स्थिती आली. गावे वसली, शेते पिकली, हा लाभ खराच; तो हलका लेखण्याचे कारण नाही. पण जेथे गरज संपली तेथे शिकार थांबली नाही, आणि गरजेची शिकार व मिरविण्याची शिकार यांतील सीमा बंदुकीच्या सुधारणेबरोबर पुसट होत गेली. शहाद्याच्या डोंगरांतून वाघ नाहीसा झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार देशभर बंद झाली, आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

तथापि नेमबाजीचे शास्त्र त्यामुळे निरुपयोगी झालेले नाही. तापीकाठच्या उसात आता बिबळ्या वस्ती करतो, गावात शिरतो, कधी माणसावरही हल्ला करतो. त्यास पकडावयास वनखात्याची माणसे येतात ती गुंगीचे औषध भरलेली सुई फेकणारी बंदूक घेऊन. ती सुई गोळीपेक्षा पुष्कळ मंद जाते, म्हणून लवकर पडते. अंतराचा अंदाज येथे अधिकच काटेकोर हवा. ती मांसल भागावरच लागली पाहिजे. पोटावर वा बरगडीवर लागली तर जनावर दगावते. औषध जनावराच्या वजनाच्या मानाने भरावे लागते. कमी पडले तर अर्धवट गुंगीतला बिबळ्या गर्दीवर उलटतो. अंतर किती, जागा कोणती, मात्रा केवढी, हेच तीन प्रश्न औट्रमच्या व फोर्साइथच्या काळीही होते. भेद इतकाच की, त्या काळी उत्तर बरोबर आले म्हणजे जनावर मरे. आता ते बरोबर आले म्हणजे जनावरही वाचते आणि त्याच्या भोवती उभा असलेला माणूसही.